घरघर

प्रणोती गोरखपुरातल्या सायकलच्या दुकानात आली तेव्हा मोबाइल तिच्या कानाला लावलेलाच होता. बोलत मात्र काही नव्हती.

"ललितभैया, मागचा टायर द्या. सायकल घरातच स्टँडवर कसलेली आहे. चाक रोलरवर फिरते."

"मग हा घ्या दीदी. एकदम गुळगुळीत, त्याच्यासाठीच बनवलेला. बाजूच्या खोलीतही ऐकू येणार नाही."

"नको. आवाज करणारा पाहिजे."

"काहून? लोक आवाज नको म्हणून हाच मागून राहिले." तरी त्याने मातीत चालवायचा जाडा, खडबडीत टायर काढला. "हा चक्कीसारखा घरघर करेल. तुमच्या वडिलांना त्रास होईल."

"अण्णाच तर चालवतात. रिटायर होऊन चौदा वर्षं झाली, तरी रोज सकाळी फॅक्टरीत निघतात. दोनदा हरवले. आता फॅक्टरी येईपर्यंत घरातच पॅडल मारतात. मी किचनमध्ये कान देऊन असते. घरघर ऐकू आली की समजते, अण्णा घरात आहेत. जुना टायर पार झिजला, किचनपर्यंत आवाजच येत नाही."

ललित टायर बांधू लागला. मग त्याने विचारलं, "आता कोण आहे त्यांच्याजवळ?"

"दुसरा मोबाइल ठेवून आली सायकलपाशी. कॉल चालूच आहे, चाक फिरताना ऐकू येते," ती म्हणाली, आणि एकदम थांबली. कानावरचा मोबाइल तिने आणखी घट्ट दाबला.

"अण्णा?"

बांधलेला टायर काउंटरवरच राहिला.