बटण काकूंच्या हाती

"बटण तुम्हीच बंद करा, काकू," हेरंब म्हणाला.

खालच्या मजल्यावरच्या चित्रेकाकू दारातच उभ्या होत्या. गेल्या दिवाळीत वीज गेली, पंप थांबला आणि माशांच्या टाकीतलं पाणी उलटं फिरून तिच्याखालच्या संपात, म्हणजे पाणी साठवायच्या हौदात, उतरलं. तो छोटा संप भरून वाहिला आणि पाणी छतातून झिरपून थेट काकूंच्या पलंगावर टपकलं. तेव्हापासून जिन्यात भेट झाली तरी त्या मान फिरवून जात.

आता हेरंबने टाकीखालच्या कपाटाची फळी काढून मोठा संप बसवला होता. पाणी वर नेणाऱ्या पाइपला टाकीतल्या पाण्याच्या पातळीशी छिद्र पाडलं होतं. पंप थांबला की तिथून हवा शिरावी आणि उलटी धार तुटावी, एवढ्यासाठी.

काकूंनी चपला काढल्या, आत येऊन बटण दाबलं. घरघर थांबली. पाणी सळसळत उतरू लागलं, संपातली पातळी काठाकडे चढू लागली. फडकं घेऊन उकिडव्या बसलेल्या हेरंबने ते काठाशी धरलं. मग पाइपमधून घुटका घेतल्यासारखा आवाज झाला आणि पाणी काठाच्या खालीच थांबलं.

काकू बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"चालू करू?" त्याने विचारलं.

"कर की. माशांचा जीव कशाला टांगणीला लावतोस?" म्हणत त्या टाकीसमोरच्या खुर्चीत बसल्या. "आणि तो काळा कोणता रे? केव्हाचा माझ्याकडेच बघतोय."