डावा पाय

रिक्षातून उतरताच कल्याणीबाईंनी आपली काठी मैनुद्दीनच्या हातात दिली.

"आजच्या दिवस ही तुमची. आणि नुसती मिरवू नका. टेकत टेकत चाला."

"बाई, मी रंगपटातला माणूस. लोकांची तोंडं रंगवली जन्मभर. सोंग आणणं तुमचं काम."

"मग आज बदला काम."

तालमीचा हॉल कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर होता. लिफ्ट नव्हती. कल्याणीबाई कठड्याला हात न लावता जिना चढल्या. वर उभ्या असलेल्या पोरांना त्यांचा हसरा चेहरा दिसत होता. मागून काठी टेकत येणाऱ्या मैनुद्दीनना दिसत होता उजवा गुडघा. पायरीगणिक तो लटलटत होता.

गुडघ्याचं कळलं की भूमिका जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. नाटकाचे दौरे नागपूर-अमरावतीपर्यंत लागणार होते. "जिने चढता ना, आजी?" असं निर्मात्यानं फोनवर आधीच विचारून घेतलं होतं. आणि भूमिकाही अशी, की उभ्या जन्मात पहिल्यांदा आलेली. नाटकात मावशी, दाई, शेजारीण. सिनेमात दार उघडणारी, मालिकेत दार लावणारी. ऐन पंचविशीत मैनुद्दीननी त्यांच्या काळ्याभोर केसांना पांढरी पावडर फासून त्यांना सासू केलं होतं, ती सासू काही केसांतून उतरलीच नाही. या नाटकात मात्र पडदा त्यांच्यावर उघडणार होता आणि त्यांच्यावरच पडणार होता.

तेजस, तिशीतला दिग्दर्शक, वाकून त्यांच्या पाया पडला. मग मैनुद्दीनकडे वळून म्हणाला, "चाचा, तुम्ही आधी बसा. उगाच जिना चढलात."

फरशीवर खडूनं रंगमंच आखला होता. समोर जिथं प्रेक्षक असतील, तिथल्या खुर्चीत मैनुद्दीन बसले. काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली.

बाईंनी संवाद वाचले. वाचून झाल्यावर तेजस जरा वेळ दाढी खाजवत राहिला.

"ताई, आवाज कमाल आहे. पण तुम्ही... कसं सांगू, फारच ताठ आहात हो. आपली म्हातारी मोडलेली आहे. एका पायानं अधू."

"मी तरी काय म्हणत होतो?" विक्रम, निर्माता, खिडकीशी मोबाइल बघता बघता म्हणाला. "आजी जास्तच फिट निघाल्या. दुसरं कुणी बघू या का?"

"एकदा एन्ट्री करून दाखवता, ताई?" तेजस म्हणाला. "दार प्रेक्षकांच्या उजव्या हाताला आहे."

मैनुद्दीनना हसू आवरेना. सुटल्या बाई! आता काही करायचंच नव्हतं. धरून ठेवलेलं नुसतं सोडून द्यायचं आणि घरी स्वयंपाकघरातून पलंगापर्यंत येतात तसं यायचं.

कल्याणीबाई खडूच्या दारापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. खुर्च्यांकडे एकवार पाहिलं. पदर डोक्यावर घेतला आणि आत आल्या.

पाठ वाकली होती. मान पुढं आली होती. एक पाय फरफटत येत होता. हॉलमधली पोरं टक लावून बघू लागली. मैनुद्दीन मात्र खुर्चीतून अर्धवट उठले. फरफटत होता तो डावा पाय. तो जमिनीला लागतो न लागतो तोच अख्खा देह उजव्यावर येत होता. त्याच गुडघ्यावर. पाऊल, आणि पुन्हा पाऊल. काठीवरची त्यांची मूठ आवळत गेली. म्हातारी मध्यावरच्या स्टुलापाशी आली, बसावं की नको अशी थबकली, आणि कुणी बघत नाही ना, हे पाहून हळूच टेकली. चेहऱ्यावर दुखणं होतं, पण ते डाव्या पायाचं होतं.

संवाद धरून बसलेली मुलगी पान उलटायचं विसरली.

विक्रमनं मोबाइल खिशात टाकला. "ताई, तारखा लिहून घ्या," एवढंच म्हणाला. मघाची आजी आता ताई झाली होती.

उतरताना जिन्यावर कुणी नव्हतं. बाईंनी कठडा घट्ट धरला. मैनुद्दीनना राहवलं नाही.

"बाई, डावा कशाला? उजवा तर आयता तयार होता!"

"दार प्रेक्षकांच्या उजव्या हाताला होतं. तिकडून आलं की लोकांना डावा दिसतो." दोन पायऱ्या त्या उतरल्या. मग म्हणाल्या, "आणि उजवा माझा आहे, मैनुभाई. तो त्या म्हातारीला कशाला देऊ?"

रिक्षा फाटकाबाहेर उभी होती. फाटकापर्यंत सगळं उघडं अंगण. ते ओलांडायला लागले तोच वरून गॅलरीतून तेजसची हाक आली, "ताई, चाचांना धरा हो! पायाला त्रास दिसतोय त्यांच्या."

"धरलंय रे!" कल्याणीबाईंनी मान वर न करता खणखणीत उत्तर दिलं आणि मैनुद्दीनचा दंड पकडला. त्यांचा सगळा भार त्या दंडावर आला. मैनुद्दीन डळमळले नाहीत. दुसऱ्या हातातली काठी ठोकत, लंगडत, बाईंना घेऊन निघाले. जन्मभर विंगेत उभं राहून त्यांनी दुसऱ्यांच्या टाळ्या ऐकल्या होत्या. आज प्रेक्षक एकच होता, तोही गॅलरीत. तरी लंगडता लंगडता त्यांची छाती पुढं आली होती.

"मैनुभाई," बाई ओठ न हलवता म्हणाल्या, "मघापासून डाव्यानं लंगडत होता. आता मध्येच उजवा कुठून आला?"

मैनुद्दीननी निमूट पाय बदलला.