ओवाळायचा राहिलेला तुकडा

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून ज्योत्स्ना नवऱ्याबरोबर बालीला गेली आणि सगळा प्रवासभर धुमसत राहिली. समुद्र असो की देऊळ, धनराज आपला तिच्याकडे पाठ करून फोनवर. गाडी भरली का, लिलाव उरकला का. एका फोटोत त्याचा चेहरा येईल तर शपथ!

पंचवटीत घरासमोर रिक्षा थांबली तरी तिच्या मागे त्याचं फोनवरचं बोलणं चालूच होतं.

दूरच्या वाटेवरून काही मागे लागून येऊ नये म्हणून शेजारच्या चंद्रभागामावशी भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. एक तुकडा त्यांनी ज्योत्स्नावरून ओवाळून लांब फेकला. दुसरा उचलला.

"आता धनराजवरून."

"काही नको!" ज्योत्स्ना कडाडली. "हवं तर त्या मेल्या फोनवरून ओवाळा. येऊ दे त्याला तसाच घरात!"

इतक्यात दार आतून उघडलं. दाढी वाढलेला धनराज चहाचा कप घेऊन उभा होता.

"आलीस एकदाची? मी लासलगावलाच अडकलो, नाही येता आलं. म्हणून एकटी निघून जायचं? माझा एक फोन उचलला नाहीस!"

मावशींच्या हातातला तुकडा खाली पडला. त्या ज्योत्स्नाच्या मागे बघत होत्या.

मागचं बोलणं सगळ्या प्रवासात पहिल्यांदाच थांबलं.

"ठेवला बघ फोन," तिच्या कानाशी आवाज आला. "चल आत."