काठोकाठ इच्छा

अण्णांच्या पायांची नखं कापणाऱ्या यंत्राच्या छातीवर सरकारी नियमाप्रमाणे पाटी उजळली होती : ‘इच्छा थोडीशी. निश्चय पूर्ण.’

मुलानं, हेरंबनं, ती दारातूनच वाचली आणि तो भडकला. “अण्णा, याला तुमचं काही करायची इच्छाच नाही! बदलून आणतो. काठोकाठ इच्छा असलेलं आणतो.”

“राहू दे रे,” अण्णा म्हणाले. “हे रोज वेळेवर सगळं करतं. काठोकाठ इच्छेचं म्हणशील, तर ती मी दर रविवारी फोनवर ऐकतोच की. ‘अण्णा, तुमच्याजवळ येऊन राहायची फार इच्छा आहे हो.’”

यंत्रानं अण्णांचा दुसरा पाय अलगद मांडीवर घेतला. हेरंबनं मान खाली घातली. त्याच्या पायांत अजून बूट होते. ते काढायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.