कुणालाही विचारा

निशिकांतने दार उघडलं तर बाहेर बर्फात अख्खी गल्ली उभी, आणि सगळ्यांच्या पुढे घरोघर टपाल वाटणारं बोलकं यंत्र. फिनलंडमध्ये वर्ष काढलं, पण एकाही शेजाऱ्याने त्याला कधी नाव विचारलं नव्हतं.

आईने फराळाच्या डब्यावर मराठीत लिहिलं होतं : ‘आमचा निशी, चर्चच्या मागे, कुणालाही विचारा.’ यंत्राला जगातल्या सगळ्या भाषा येत. त्याने इमानदारीत दारोदार विचारलं. निशी कुणालाच ठाऊक नव्हता, म्हणून सगळेच शोधायला निघाले.

निशिकांतने आईला फोन लावला. “आई, पत्ता असा लिहितात का गं?”

“पोचला ना डबा?”

“पोचला. पण माणसं वीस आणि चकल्या बारा!”

“मग अर्ध्या कर की! पुढच्या वेळी डबा मोठा पाठवते, पत्ता हाच.”