मौनाचा वार

"आई, कॉम्प्युटरची नवी मेमरी बाबांनाच बसवू दे. रिटायर झाल्यापासून जो तो त्यांना शिकवतोय. तू मध्ये बोलणार नाहीस, शब्द दे." अमेरिकेतून क्षितिजचा फोन होता. मी शब्द दिला.

संध्याकाळी सात वाजता कॉम्प्युटरवर नात पहिल्यांदा दिसणार होती. साडेसहा वाजले. ह्यांनी मेमरीची पट्टी चार वेळा काढून बसवली आणि चारही वेळा कॉम्प्युटर नुसताच पीं पीं ओरडला. पट्टीचं एक टोक वर राहिलेलं मला दारातूनसुद्धा दिसत होतं.

"खराब माल गळ्यात मारला मेल्या दुकानदाराने! अंबत्तूरच्या कारखान्यात तीस वर्षं मशीनं उघडली मी, मला कळत नाही होय?" हे कडाडले. मग माझ्याकडे वळले. "आणि तू नुसती बघत काय उभी आहेस? बोल की काहीतरी! का आज मौन आहे तुझं?"

'अहो, ते टोक दाबा,' अगदी ओठांवर आलं होतं.

माझं मौन सोमवारी असतं. आज बुधवार होता. मनातल्या मनात देवाला म्हटलं, हाही वार तुझाच. मग होकारार्थी मान हलवली आणि माळ घेऊन ह्यांच्या शेजारी जाऊन बसले.