गिळलेले तारे

कारूच्या उजाड माळावरच्या आमच्या बोबेजानकॉप वेधशाळेनं गेल्या हिवाळ्यात शेजारची चिमुकली वेधशाळा गिळली. तिथल्या पाच जणांना आमचे प्रमुख, प्रोफेसर टेरब्लांश यांनी मुद्दाम पाच वेगवेगळ्या विभागांत फेकलं. याच माणसाचं नाव गाजलं ते एका शोधामुळे: मोठ्या दीर्घिकेनं छोटीला फाडून खाल्लं, तरी छोटीचे तारे अब्जावधी वर्षांनीही त्यांच्या चालीवरून आणि अंगातल्या मूलद्रव्यांवरून ओळखू येतात.

प्रमुखपदाच्या निवडणुकीच्या दिवशी जेवणघरात त्यांनी त्या पाचांपैकी नोलुवोबाईंना गाठलं.

"काय बाई, अजून तोच मक्याचा घाटा आणि आंबट दूध? आमचं मटण घशाखाली उतरत नाही वाटतं! तुमची संस्था विरघळली हो, मागमूससुद्धा उरला नाही."

"प्रोफेसर, तुमच्या त्या शोधावरचं भाषण मी दोनदा ऐकलंय," बाई खाता खाता म्हणाल्या. "तुम्ही एकदा तरी ऐका."

"जीभ फार चालते! मत कुणाला देणार ते सांगा, म्हणजे बदली कुठे करायची ते ठरवतो."

दूरदूरच्या चार टेबलांवर तसाच घाटा, तसंच दूध चाललं होतं. सरांनी तिकडे पाहिलंही नाही.

संध्याकाळी सभागृहात पुन्हा उभ्या राहिलेल्या सरांच्या बाजूनं आणि विरोधात आम्हा जुन्यांची मतं निम्मी-निम्मी फुटली. सर गरजले, "आता राहिलं कोण? माझ्या विरोधात कोण आहे ते हात वर करून दाखवा!"



सभागृहाच्या पाच टोकांहून पाच हात एकाच क्षणी वर गेले, आणि सरांना आपला शोध पहिल्यांदाच दुर्बिणीशिवाय दिसला.